पाऊस पडला तर, पाऊस पडला असता तर

या वेळच्या टपालात ‘इफ’चीच गर्दी आहे. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली की असं होतंच. पण या खेपेला दुबईहून एका नोकरदाराने आणि सोलापूरहून सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनीही तीच शंका विचारली आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आज फक्त जर-तर. नेहमीप्रमाणे इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिते आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी एक पाहिलं : स्पेलिंग समोर असलं की मुलं अक्षरांत अडकतात आणि क्रियापद त्यांच्या कानावर पडतच नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. ‘उद्या पाऊस पडला तर आम्ही शेतावर जाणार नाही’ याचं इंग्रजी त्याने ‘इफ इट विल रेन टुमॉरो, वी विल नॉट गो टू द फार्म’ असं केलं. बाईंनी पहिल्या ‘विल’वर काट मारून ‘रेन्स’ लिहिलं. उद्याचा पाऊस म्हणजे भविष्यकाळच ना? मग वर्तमानकाळ कुठून आला? मला त्याला समजावता आलं नाही.
एक आई, चिपळूण

उत्तर : तुम्ही पाठवलेलं मराठी वाक्य एकदा मोठ्याने वाचा. ‘उद्या पाऊस पडला तर.’ पडला! अजून आभाळातही न आलेल्या पावसाला तुम्ही भूतकाळाचं रूप लावलंत आणि तुम्हाला ते जाणवलंही नाही. ‘उद्या पाऊस पडेल तर’ असं तुमच्या घरात सहज बोलताना कुणी म्हणत नसेल. इंग्रजीने उद्याला वर्तमानकाळ लावला म्हणून आपण अडून बसतो, आणि आपली भाषा तर त्याहून एक पायरी मागे गेलेली असते.

मुलाला आधी हेच दाखवा. ‘जेवायला या’ अशी हाक आल्यावर ‘आलोच’ म्हणणारा माणूस अजून खुर्चीतून उठलेला नसतो. ‘चहा घेतला की निघतो’ या वाक्यात चहा अजून उकळतो आहे, तरी ‘घेतला’. निघायचं तर त्याच्याही नंतर आहे, तरी ‘निघतो’. हे सगळं तुमचा मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून बिनचूक बोलतो आहे.

वर्गात मी यासाठी दोन शब्द वापरायचे, वेळ आणि रूप. वेळ घड्याळाची आणि कॅलेंडरची, रूप क्रियापदाचं. इंग्रजीत या दोन गोष्टींना ‘टाइम’ आणि ‘टेन्स’ अशी दोन नावं आहेत. मराठीत आपण दोन्हींना ‘काळ’च म्हणतो, आणि जर-तरच्या निम्म्या चुका या एका शब्दापोटी होतात असं माझं ठाम मत आहे. मूल विचारतं, ‘बाई, उद्या म्हणजे कुठला काळ?’ त्याला वेळ विचारायची असते. आपण ‘भविष्यकाळ’ म्हणतो आणि ते मुकाट्याने ‘विल’चं रूप लिहून मोकळं होतं.

आता ‘विल’ का नको ते पाहू. ‘तर’च्या अलीकडचा भाग कुणाला काही सांगत नसतो, नुसतं धरून चालतो. समजा पडला. ‘विल’ हा सांगणारा शब्द आहे. पुढे काय होईल याचा बोलणाऱ्याचा अंदाज, निश्चय किंवा वचन त्यात असतं. पाऊस पडेल असं तुमचा मुलगा म्हणतच नाहीये. त्याला सांगायचं आहे ते शेतावर न जाण्याबद्दल, म्हणून ‘विल’ फक्त तिथे.

सरावासाठी घरातलीच वाक्यं घ्या. साडेपाचची एसटी चुकली तर मुक्काम करावा लागेल : ‘इफ वी मिस द फाइव्ह-थर्टी बस, वी विल हॅव टू स्टे द नाइट.’ गॅस संपला तर शेजारून सिलिंडर आणू : ‘इफ द गॅस रन्स आउट, वी विल बॉरो अ सिलिंडर.’ चुकली, संपला, पडला : मराठीत ‘तर’च्या आधी असं रूप आणि पुढे ‘लागेल’, ‘आणू’, ‘जाणार नाही’ असं भविष्य दिसलं, की इंग्रजीत ‘इफ’च्या पोटात साधा वर्तमानकाळ.

दोन ठिकाणी मात्र जपा. ‘उद्या पाऊस पडणार असेल तर छत्री घे’ हे वाक्य वेगळं आहे. इथे छत्री आज घ्यायची आहे आणि आधार आहे तो उद्याच्या अंदाजाचा. इंग्रजीतही मग ‘इफ इट इज गोइंग टू रेन’ होतं. दुसरं ठिकाण ‘व्हेन’चं. ‘बाबा येतील तेव्हा सांगते’ यात मराठीने भविष्याचं रूप घेतलं, पण इंग्रजी तिथेही ‘व्हेन बाबा कम्स’ असंच म्हणते. तिथे आपल्या भाषेची मदत नाही, ते कानाला सवय लावूनच येतं.

प्रश्न : मी दुबईत मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. ‘तुम्ही मला कळवलं असतं तर मी माल थांबवला असता’ अशा अर्थाने मी ई-मेलमध्ये ‘इफ यू वुड हॅव इन्फॉर्म्ड मी, आय वुड हॅव स्टॉप्ड द शिपमेंट’ लिहिलं. वरिष्ठांनी ते सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. पण इंग्रजी मालिकांत तर मी हे ऐकतो. चूक नक्की काय झाली?
एक वाचक, दुबई

उत्तर : दुरुस्त वाक्य आधी देते, म्हणजे मन मोकळं होईल. ‘इफ यू हॅड इन्फॉर्म्ड मी, आय वुड हॅव स्टॉप्ड द शिपमेंट.’ ‘इफ’च्या भागात ‘हॅड’, दुसऱ्या भागात ‘वुड हॅव’.

तुमची चूक मराठीच्या शिस्तीतून आलेली आहे. ‘कळवलं असतं तर थांबवला असता.’ दोन्हीकडे ‘असणे’ क्रियापदाचं तेच रूप, तराजूच्या दोन पारड्यांत सारखी वजनं. कानाला हा तोल इतका मुरलेला असतो की इंग्रजीतही आपण दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ठेवतो. शाळेच्या मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात : ही गोष्ट घडली असती तर ती घडली असती, पण दोन्ही घडल्या नाहीत.

हा तोल आजचाही नाही. संस्कृतात न घडलेल्या अटीसाठी क्रियापदाचं वेगळं रूपच होतं, लृङ् लकार. पाणिनीचं त्यावर सूत्र आहे, ‘लिङ्निमित्ते लृङ् क्रियातिपत्तौ’. क्रियातिपत्ती म्हणजे क्रिया घडायची राहून जाणं. किती नेमका शब्द आहे हा! आणि त्याचं परंपरेने सांगितलं जाणारं उदाहरण असं : ‘सुवृष्टिश्चेदभविष्यत् तदा सुभिक्षमभविष्यत्.’ चांगला पाऊस झाला असता तर सुबत्ता झाली असती. पाहा, ‘अभविष्यत्’ अलीकडेही आणि पलीकडेही. इंग्रजीने मात्र दोन पारड्यांत वेगवेगळी वजनं ठेवली. जे घडलं नाही ते ‘हॅड’मध्ये, आणि त्यामुळे जे राहून गेलं ते ‘वुड हॅव’मध्ये.

आता मालिकांचं. इंग्रजी बोलणारा माणूस ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही गिळतो आणि दोन्हींचा मागे एकच ‘ड’ उरतो. ‘इफ यूड टोल्ड मी, आयड हॅव कम.’ पहिला ‘ड’ आहे ‘हॅड’चा, दुसरा ‘वुड’चा. आपल्याला दोन्हीकडे तोच आवाज ऐकू येतो, आणि मराठी कान तर जुळ्याचीच वाट पाहत असतो. ओळखायची खूण सोपी आहे. ‘ड’च्या मागोमाग ‘हॅव’ आलं तर तो ‘वुड’. थेट ‘टोल्ड’, ‘सीन’, ‘नोन’ असं रूप आलं तर तो ‘हॅड’. आठवडाभर मालिका या एकाच गोष्टीसाठी ऐका.

अमेरिकेत बोलताना काही जण खरोखरच ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी’ म्हणतात, त्यामुळे तुम्ही ऐकलेलं खरंही असू शकेल. पण परीक्षेत आणि कामाच्या पत्रात ते चूकच धरलं जातं, तेव्हा लिहिताना तिकडे जाऊ नका.

एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगते. व्याकरण दुरुस्त केल्यावरही या वाक्यात ठपका उरतो. ‘तुम्ही कळवलं असतं तर’ असं मराठीत एखाद्याला म्हणून पाहा, समोरचा लगेच ताठ होतो. माल पुन्हा थांबवायची वेळ येऊ नये एवढंच हवं असेल, तर ‘इफ यू इन्फॉर्म मी बाय नून, आय कॅन स्टॉप द शिपमेंट’ असं लिहा. दुपारी बारापर्यंत कळवलंत तर थांबवता येईल. आणि तुमच्या वरिष्ठांनी ही दुरुस्ती एकट्याला बाजूला घेऊन सांगायला हवी होती. मोठ्या माणसाची भाषा चारचौघांत दुरुस्त केली की तो दुसऱ्या दिवसापासून कमी बोलतो. हे मी शिक्षकांच्या खोलीतही पाहिलं आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. ‘इफ आय वॉज यू’ की ‘इफ आय वेअर यू’? ‘आय’ला ‘वेअर’ कसं चालतं?
एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : परीक्षेत डोळे झाकून ‘वेअर’. बोलताना ‘वॉज’ सर्रास ऐकू येतं, तिथे कुणी अडवणार नाही. हे ‘वेअर’ म्हणजे इंग्रजीच्या जुन्या कल्पनार्थी रूपाचा उरलेला तुकडा आहे. ‘आय’शेजारी ते खटकतं, आणि हाच त्याचा उपयोग : ते दिसताक्षणी कळतं की मी तू नाही, नुसती कल्पना चालली आहे.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक मोठी अडचण आहे, ती इथे सांगून टाकते. ‘मी तुझ्या जागी असते तर ही नोकरी सोडली नसती.’ मराठीत हे वाक्य दोन प्रसंगी चालतं. भावाचा राजीनामा अजून खिशात आहे आणि बहीण त्याला सावध करते आहे, तेव्हाही. भाऊ नोकरी सोडून घरी येऊन बसला आहे आणि बहीण हळहळते आहे, तेव्हाही. आपण प्रसंगावरून समजून घेतो. इंग्रजीला ते चालत नाही. राजीनामा खिशात असेल तर ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट लीव्ह धिस जॉब’. नोकरी गेलेली असेल तर ‘आय वुड नॉट हॅव लेफ्ट’.

तसंच ‘माझ्याकडे पैसे असते तर घर घेतलं असतं.’ आज पैसे नाहीत : ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस.’ त्या वर्षी नव्हते : ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस.’ लागोपाठ दोन ‘हॅड’ पाहून घाबरू नका, पहिला मदतनीस आहे आणि दुसरा पैसे जवळ असण्याचा. भाषांतराला आलेल्या मराठी वाक्यात ‘असतं, असते, असती’ दिसलं की पेन उचलण्याआधी एकच विचारायचं : आत्ताचं की तेव्हाचं? मराठी वाक्यात ते लिहिलेलं नसेल तर मागच्या-पुढच्या वाक्यात शोधा.

प्रश्न : ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ यात चूक काय?
दहावीतली एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे, तू दुसरं घातलंस. ‘अभ्यास केला नाहीस तर’ या वाक्यातलं ‘नाहीस’ तुला सोडवेना, म्हणून असं झालं. ‘अनलेस यू स्टडी’ किंवा ‘इफ यू डोन्ट स्टडी’, दोन्हीपैकी एक. ‘अनलेस’ दिसलं की मनात ‘केल्याशिवाय’ म्हण, ‘नाही’ आपोआप गळून पडेल. आणि बाळ, उदाहरणात तरी नापास होऊ नकोस. ‘यू विल नॉट अंडरस्टँड’ असं लिही.

प्रश्न : ‘इफ’नंतर ‘विल’ किंवा ‘वुड’ कधीच येत नाही असं मी शिकवणीत सांगते. पण एका विद्यार्थ्याने ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे वाक्य पुस्तकात दाखवलं. दुसऱ्याने अर्जातलं ‘इफ यू वुड ग्रँट’ दाखवलं. नियम चुकला का?
शिकवणी घेणाऱ्या एक ताई, नाशिक

उत्तर : ताई, नियम अर्धा आहे. तुमच्या दोन्ही विद्यार्थ्यांना शाबासकी द्या.

पहिल्या वाक्यात अट नाहीच. ‘तो येईल की नाही मला माहीत नाही.’ हे ‘इफ’ म्हणजे ‘की नाही’. मराठीत अटीसाठी ‘तर’ आणि शंकेसाठी ‘की’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत एकाच ‘इफ’वर दोन्ही कामं पडतात. वाक्य मराठीत म्हणून पाहायचं. ‘की नाही’ बसलं तर ‘विल’ बिनधास्त येऊ द्या. ‘तर’ बसलं तर थांबा. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम, बट इफ ही कम्स, आय विल टेल हिम.’ येईल की नाही माहीत नाही, पण आला तर सांगेन. या एका वाक्यात दोन्ही ‘इफ’ शेजारी शेजारी बसले आहेत, फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

दुसऱ्या वाक्याशी माझी एक जुनी टोचणी जोडलेली आहे. नोकरी लागून फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. दहावीच्या एका मुलीने रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड ग्रँट मी लीव्ह.’ मी लाल शाईने ‘इफ’पुढच्या ‘वुड’वर दोन रेघा ओढल्या आणि वर्गात सांगितलं की ‘इफ’नंतर ‘वुड’ येत नाही. तिचे वडील कचेरीत कारकून होते. ती म्हणाली, ‘बाई, बाबा असंच लिहितात.’ मी म्हटलं, ‘मग बाबाही चुकतात.’ पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात हे वाक्य समोर आलं आणि कळलं की बाबांचं बरोबर होतं. मुलगी तोवर कुठल्या कुठे गेली होती. तिने हे वाचलं तर तिला कळावं, की तिचा अर्धा गुण आणि तिच्या बाबांचा मान मी चुकीने कापला होता.

बरोबर कसं ते सांगते. तिथे ‘वुड’ हा काळ दाखवत नाही, मर्जी दाखवतो. आपण रजा द्यायची कृपा केलीत तर. मराठीतही असंच होतं. एसटीत ‘जरा सरकाल का?’ म्हणतो तेव्हा ‘सरकाल’ हे रूप भविष्याचं, वेळ आत्ताची आणि अर्थ विनंतीचा. ‘इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द डॉक्टर’ हे वाक्यही म्हणून शुद्ध आहे : आपण इथे थांबता का, मी डॉक्टरांना बोलावते. ज्याची मर्जी राखायची असा माणूस समोर असेल तर ‘इफ’मध्ये ‘विल’ आणि ‘वुड’ चालतात. पावसाला मर्जी विचारता येत नाही, म्हणून ‘इफ इट विल रेन’ चालत नाही. मुलांना हे वाक्य द्या, ती विसरणार नाहीत.

प्रश्न : ‘इफ’ लिहिलं की ‘देन’ लिहायलाच हवं का? ‘जर’ला ‘तर’ लागतंच ना?
अध्यापक पदविकेचा एक विद्यार्थी, सावंतवाडी

उत्तर : हवंच असं नाही. लिहिलं तर चूकही नाही, पण प्रत्येक वाक्यात ‘देन’ आलं की लेखन जड होतं.

यात एक गंमत आहे. मराठीत ‘जर’ गाळता येतं, ‘तर’ गाळता येत नाही. ‘आलास तर बरं होईल’ हे पूर्ण वाक्य आहे. ‘जर आलास, बरं होईल’ हे लंगडतं. इंग्रजीत बरोबर उलटं, ‘देन’ जातं आणि ‘इफ’ राहतं. शिवाय आपलं ‘तर’ अटीच्या शेवटी येतं, म्हणजे ऐकणाऱ्याला अट होती हे ती संपताना कळतं. इंग्रजी पहिल्याच शब्दाला सावध करते. ‘इफ’ही गाळायचं असेल तर क्रियापद पुढे ओढावं लागतं : ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कम.’ ‘इफ’चा भाग आधी आला की मध्ये स्वल्पविराम द्या, नंतर आला तर गरज नाही.

प्रश्न : आमच्या काळी ‘इफ’चे तीन प्रकार पाठ करून घेत : घडू शकेल तो पहिला, नुसती कल्पना तो दुसरा, घडायचं राहून गेलं तो तिसरा. नातीने फोनवर मैत्रिणीला सांगितलं, ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन पुणे नाऊ.’ पहिला भाग तिसऱ्या प्रकारचा, दुसरा दुसऱ्या प्रकारचा. मी चूक दाखवली तर ती म्हणते बरोबर आहे. कोण बरोबर?
एक आजोबा, सोलापूर

उत्तर : आजोबा, नात बरोबर आहे. नोकरी घ्यायची राहिली ती तेव्हा, म्हणून ‘हॅड टेकन’. पुण्यात नसणं आजचं, म्हणून ‘वुड बी’, आणि शेवटी तिने ‘नाऊ’ म्हणून वेळही सांगितली. दोन भाग दोन वेळांचे आहेत, तर त्यांची रूपंही दोन असणार.

तीन प्रकारांची ही पाठांतराची रीत मी पहिली दहा वर्षं वर्गात चालवली आणि मग सोडून दिली. मुलं ‘टाइप टू’ म्हणायला शिकतात, पण समोरच्या वाक्यातला माणूस हळहळतो आहे की बेत करतो आहे हे त्यांना सांगता येत नाही. आणि कितीतरी साधी वाक्यं त्या तीन खणांत बसतच नाहीत. माझ्या लहानपणी आमच्या घराचं माळवद गळायचं. ‘इफ इट रेन्ड, वी स्लेप्ट इन द टेंपल.’ पाऊस आला की आम्ही देवळात झोपायचो. यात कल्पना काहीच नाही. ‘रेन्ड’ म्हणजे खरोखर पडलेला पाऊस, खरोखरचा भूतकाळ. वेळ आणि रूप इथे एकाच जागी आहेत, म्हणून प्रकाराचा क्रमांक शोधायची गरजच पडत नाही.

ते घर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात होतं. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, पहिलीपासून ते २००० साली आलं. माझी पाचवी सुरू झाली १९७२ च्या जूनमध्ये. एबीसीडी गिरवायला लागले त्याच पावसाळ्यात पाऊस आला नाही. बाजरी उगवलीच नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी असायची, जिला चवही नव्हती आणि जी थापताना तुटायची. दिवाळीनंतर वडिलांनी बैल विकले आणि आम्ही कऱ्हाडला आलो. वडील बाजारात हमाली करायला लागले. शाळा मात्र तिथे मोठी होती, आणि इंग्रजीचे गुरुजी रोज यायचे.

बैल विकल्यावर आई एकच वाक्य कित्येक वर्षं म्हणत राहिली. ‘पाऊस पडला असता तर आज बैलं दावणीला असती.’ ती एकही इयत्ता शिकली नव्हती. अट गेलेल्या वर्षाची आणि रिकामी दावण आजची, हे दोन्ही तिच्या वाक्यात होतं, आणि ‘आज’ हा शब्द तिने कधी गाळला नाही, तसाच नातीने ‘नाऊ’ गाळला नाही. आईचं वाक्य मी पुढे दर वर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहायचे : ‘इफ इट हॅड रेन्ड, द बुलक्स वुड बी इन द शेड टुडे.’ कुणाचं आहे ते सांगायचे नाही. मुलांना एवढंच विचारायचे, की पाऊस कधीचा आणि बैल कधीचे.

त्याच्याखाली दुसरं वाक्य लिहायचे ते माझं. ‘इफ इट हॅड रेन्ड दॅट इयर, आय वुड नॉट बी टीचिंग यू नाऊ.’ त्या वर्षी पाऊस झाला असता तर मी आज तुम्हाला शिकवत नसते. याचं मराठी एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने केलं आणि मग हात वर करून विचारलं, ‘बाई, मग पाऊस पडायला हवा होता की नको?’ मी त्याला खाली बसायला सांगितलं नाही. तास संपेपर्यंत वर्ग त्यावरच बोलत होता, आणि निम्मी मुलं इंग्रजीत बोलत होती.